एकेरी गाळणं

मी साताऱ्याला निघालो तेव्हा आईनं माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर एक पाणी गाळायचं कापड ठेवलं. कपडे, पुस्तकं, लोणच्याची बरणी सगळं खाली आणि गाळणं वर, म्हणजे खोलीवर पोचल्यावर आधी तेच हाताला लागावं. आणीबाणी उठली त्या वर्षाची ही गोष्ट. साताऱ्यातल्या एका कॉलेजात मला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि ती सांभाळून संशोधनही करायचं, असं तिथल्या सरांशी ठरलं होतं. आईला यातलं एवढंच कळलं होतं की पोरगा जीवशास्त्रात आहे, म्हणजे जिवांचं काहीतरी भलं करत असणार. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, तिनं चार बायकांना तसं सांगूनही टाकलं होतं. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. निघायच्या दिवशी कशाला, असं तेव्हा मनाशी म्हटलं, आणि मग ती दुरुस्त करायचा दिवस कधी उजाडलाच नाही.

आम्ही सांगलीजवळ कृष्णाकाठच्या मळ्यात राहणारे शेतकरी. ऊस, हळद, दोन म्हशी आणि पायऱ्यांची विहीर. आमच्यात पाणी गाळून पितात ते पोट बिघडू नये म्हणून नव्हे. पाण्यातले बारीक जीव आपल्या पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. गाळण्यात जे अडकतं तेही झटकून टाकायचं नसतं. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं, ते एका गडूत धरायचं आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचं. लहानपणी हे काम माझं होतं. मी गडू घेऊन पायऱ्या उतरायचो आणि आई वरून ओरडायची, "पान्याला टेकवून वत रं. वरनं वतू नगं, आपटून मरत्यात." मला त्या गडूत कधी काही दिसलं नाही. तरी मी तो दोन्ही हातांनी धरून उतरायचो. आमच्या घरात त्या कामाला मान होता, आणि तो माझा होता.

गाळणं शिवणं हे आईचं काम. ती कोरं मांजरपाट आणायची आणि आधी आठ-दहा दिवस नुसतं पाण्यात भिजवायची, पिळायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची, खळ पुरती निघेपर्यंत. साबण नाही, सोडा नाही. "साबन ऱ्हायला कापडात तर पान्यातलं जीव मरत्यात," असं तिचं शास्त्र. मग दोन पदर एकावर एक ठेवून चारही कडांनी हातशिलाई. बारीक, सरळ टाके. मशीन लावलेलं गाळणं तिनं कधी वापरलं नाही.

साताऱ्याला पोचल्यावर मी ते गाळणं एकदाही माठावर बांधलं नाही. नळाचं पाणी, शिकलेला माणूस, सगळा शहाणपणा अंगात आलेला. ते ट्रंकेतच राहिलं.

आता काम काय होतं ते सांगतो. त्या काळात पिकांवर फवारायची औषधं जोरात होती. ती पावसात वाहून ओढ्यानदीला जातात, तर माशांचं काय होतं, हा सरांचा विषय. आधीची रीत सोपी आणि निर्दय होती. टबात मासे सोडायचे, औषध घालायचं आणि किती उलटे झाले ते मोजायचे. सरांच्या हाती परदेशातला एक निबंध लागला होता. त्यात उंदराच्या यकृताच्या पेशी सुट्या करून त्या काही तास काचनळीत जिवंत ठेवायची रीत दिली होती. हेच माशाच्या यकृतावर जमवायचं, असं सरांच्या मनात. एका माशाच्या यकृतातून लाखो पेशी निघतात, आणि मग टबभर माशांचं काम एका माशात होतं. "मासे वाचतील," सर म्हणायचे. ते खरंही होतं. हे एक वाक्य मी आईला सांगितलं असतं तर? पण ते सांगायचं म्हणजे त्याच्या आधीचं वाक्य सांगावं लागलं असतं, की तुझा मुलगा रोज सकाळी एक मासा मारतो.

मासा मरळ. कृष्णाकाठच्या माहुलीकडचा एक वयस्कर भोई डब्यात ओलं गवत घालून जिवंत मरळी आणून द्यायचा. मी मासा मारायचो, यकृताच्या शिरेतून मिठाचं पाणी सोडून रक्त धुऊन काढायचो आणि मग मुंबईहून बर्फात घालून आणलेलं एन्झाइम त्यात भरायचो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा जो चिकटा असतो, तो या एन्झाइमनं सुटतो. यकृत लोण्यासारखं मऊ झालं की ते हलक्या हातानं ढवळायचं आणि कापडातून गाळायचं. गुठळ्या वर राहतात, सुट्या पेशी खाली येतात. शेवटी त्यात निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. मेलेली पेशी निळी होते.

माझ्या सगळ्या निळ्या व्हायच्या. पहिला पावसाळा गेला, दिवाळी गेली, डोळा लावला की निळंच निळं. निबंधात लिहिलेली नायलॉनची जाळी आमच्याकडे मिळत नव्हती. दवाखान्यातली पट्टी लावली तर गुठळ्याही खाली यायच्या. म्हणून शिंप्याकडून मलमल आणली होती आणि ती रोज साबणानं स्वच्छ धुऊन वापरत होतो. कापडावर माझा संशय गेला नाही. एन्झाइमवर गेला, मिठाच्या पाण्यावर गेला, आणि मुख्य म्हणजे त्या भोयावर गेला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! एका सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर बोललो, की तू शिळे मासे आणतोस म्हणून माझ्या पेशी मरतात.

त्यानं डब्यात हात घालून मरळ वर काढली. ती त्याच्या मनगटावर शेपटी आपटत होती.

"आवं मास्तर," तो म्हणाला, "हिला शिळी म्हंता? तुमच्या खोलीत आल्यावर मरत्यात त्या, माज्या डब्यात न्हाई."

प्रयोगशाळेतली पोरं हसली. माझा संताप आणखी वाढला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं हे मला पुढं कळलं, पण त्याची माफी मागायची राहून गेली. तेव्हा माझा स्वभाव असा होता की चूक कळली तरी माफी मागायला तोंड उघडायचं नाही. आता उघडतं, तर माणसं राहिलेली नाहीत.

थंडीत एके दिवशी मलमल फाटली. दुसरं काहीच हाताशी नव्हतं आणि मासा कापून झाला होता. खोली कॉलेजच्या मागेच होती. धावत गेलो आणि ट्रंक उघडून आईचं गाळणं आणलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणतात ना, त्यातली गत. दोन पदरांतून पेशी उतरेनात, म्हणून चिरफाडीची पातळ सुरी घेतली आणि चारही कडांची शिलाई उसवून टाकली. टाके इतके बारीक होते की वेळ लागला आणि मी चिडून एकदोन ठिकाणी ओढलेही. त्या वेळी आई आठवली का? खरं सांगायचं तर नाही. यकृत वाळेल याचीच काळजी होती.

एकेरी पदरातून गाळलं, रंग टाकला, डोळा लावला. निळ्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी भिंगाखाली सगळं स्वच्छ, गोल, चमकदार पेशींचं शेत. मी सरांना हाक मारली ती जवळजवळ किंचाळूनच. सरांनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन दिवस आम्ही कापडं पालटून पालटून खात्री केली, आणि मग उलगडलं. शिंप्याच्या मलमलीतली खळ आणि माझा साबण, या दोघांनी मिळून माझ्या पेशी मारल्या होत्या. आईच्या कापडात दोन्ही नव्हतं. पाण्यातला जीव मरू नये म्हणून तिनं ते जसं धुतलं होतं, तसं धुतलेल्या कापडातूनच माझ्या पेशी जिवंत उतरल्या.

सर म्हणाले, "असली आणखी कापडं मिळतील का?"

मी त्याच दुपारी आईला कार्ड टाकलं. "गाळणं फाटलं. आणखी चार पाठव." एवढंच. खोटं म्हणावं असं त्यात एक अक्षर नव्हतं, म्हणून तर ते लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

कार्ड वहिनीनं आईला वाचून दाखवलं. पुढचं मला वहिनीकडूनच कळलं. आई ते कार्ड घेऊन बस्तीत गेली. शिकायला बाहेर गेलेली पोरं काय काय खातात-पितात याच्या गोष्टी तिथं रोज चालत, आणि त्या बायकांना तिनं सांगितलं, "माजा ल्योक गाळनं फाटूस्तवर पानी गाळतुया." पंधरा दिवसांत एसटीच्या पार्सलनं चार गाळणी आली. मग उन्हाळ्यात सहा. मग पावसाळ्यात पुन्हा सहा. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, टाके आता थोडे वाकडे यायला लागले होते. मी प्रत्येक वेळी ते टाके उसवले. पुढंपुढं तर सराईत झालो. एक टोक कापायचं आणि दोरा एका झटक्यात ओढायचा.

सुट्टीत घरी गेलो की ती विचारायची, "पानी नीट गाळतूस न्हवं?" मी मान हलवायचो. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मी तिच्याशी फार वेळ बोलत बसायचो नाही, लगेच मळ्यात जायचो. तिला वाटायचं, अभ्यासानं पोरगा अबोल झाला.

दुसऱ्या वर्षीच्या माघात आई न कळवता साताऱ्याला आली. शेजारच्या मळ्यातलं कुणी एसटीनं साताऱ्याला निघालं होतं, त्यांच्यासोबत. डोळा दाखवायचा होता आणि माझी खोलीही बघायची होती. मी कॉलेजात होतो. घरमालकिणीनं तिला खोली उघडून दिली. दिवस मावळायच्या जरा आधी मी परतलो, तर आई दाराशी बसलेली आणि तिच्या मांडीवर कापडांचा ढीग. प्रयोगशाळेतल्या साबणाचा भरवसा नको म्हणून मी कापडं खोलीवर नेऊन नुसत्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत टाकायचो. ती तिनं काढून घडी घालायला घेतली होती. घडी घालता घालता थांबली असावी.

मी म्हटलं, "आई, कधी आलीस? कळवायचं नाही का?"

तिनं एक कापड उजेडाकडं धरलं. कडेनं सुईची भोकं ओळीनं दिसत होती. "ह्याची शिलाई कुनी उसवली?"

"मी."

"का रं? एकेरीतनं जीव जात्यात की खाली."

तेच तर मला हवं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, की इथलं पाणी स्वच्छ असतं, एक पदर पुरतो. तिनं कापड नाकाशी नेलं. नदीकाठी जन्म गेलेल्या बाईला तो वास कुणी सांगावा लागत नाही. मधोमध तपकिरी डाग होते, नुसत्या पाण्यानं न गेलेले. तिचा चेहरा बदलला नाही. तिनं कापड खाली ठेवलं, नीट चौकोनी घडी घातली, आणि मग विचारलं, "आन् गाळून उरल्यालं? त्ये कुटं सोडतूस?"

मला त्या वेळी खरं बोलता आलं असतं. ती भांडायला आलेली नव्हती. दाराशी आम्ही दोघंच होतो, ती वर बघत होती आणि थांबली होती. एका माशात टबभर माशांचं काम होतं, हे मला सांगता आलं असतं. तुझ्या धुण्यामुळे त्या पेशी चार तास जगतात, हेही सांगता आलं असतं. तिनं पुढं विचारलं असतं, चार तासांनी काय? मग सांगावं लागलं असतं की मोरीत ओततो. रडली असती, रागावली असती, पण माझं ऐकून तरी घेतलं असतं.

मी म्हटलं, "कृष्णेत सोडतो, आई. माहुलीला जाऊन."

"बरं," ती म्हणाली.

मी लगबगीनं पाणी आणायला उठलो. ती म्हणाली, "नगं. आज माजा उपास हाय." आमच्यात उपासाला पाणीही वर्ज्य, पण उपास नव्हता. चतुर्दशी नव्हती, अष्टमी नव्हती, मला पंचांग पाठ होतं. गाठोड्यात भाकरी आणि दाण्याची चटणी होती ती तिनं मला वाढली आणि मी जेवत असताना भिंतीकडं बघत बसली. सकाळी डॉक्टरकडं जाऊन आलो. मग स्टँडवर मी पुन्हा तांब्या पुढं केला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडीत चढली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ती घोटभरही पाणी न पिता गेली. "दोन तांबे पानी पियाल्या आल्या आल्या," वहिनी पुढं मला सांगत होती, "तुमच्या तिकडं पानी मिळत न्हाई का काय?"

त्यानंतर पार्सल आलं नाही. मीही कार्ड टाकलं नाही. बाजारातून मांजरपाट आणलं, बादलीत आठ-दहा दिवस भिजवलं, पिळलं, वाळवलं, ती करायची तसंच. अगदी तितकंच चांगलं चाललं. म्हणजे हे पहिल्या दिवसापासून मला करता आलं असतं. तिचे डोळे, तिचे टाके, बस्तीतला तिचा तो अभिमान, यातलं काहीही लागलं नसतं. कष्ट नकोत म्हणून मी ते तिच्याकडून घेतलं, आणि या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. माशांची वाटते त्याहून जास्त.

प्रबंध पुरा झाला तेव्हा एक बांधलेली प्रत घेऊन मी घरी गेलो. लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. या खेपेला सगळं सांगून टाकायचं असं एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवली होती. आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी प्रत तिच्यासमोर ठेवली. तिनं हात पदराला पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत.

"ह्यात माशांचंच हाय न्हवं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"माज्या गाळन्याचं लिवलंयस?"

"एक ओळ आहे."

"वाचून दाव."

मी पान काढलं आणि इंग्रजीचं मराठी करून सांगितलं, "नंतर ते सुती कापडाच्या एका पदरातून गाळले." त्या पानावर एन्झाइम कुठल्या देशातलं, सूक्ष्मदर्शक कुणाचा, रंग कुठला, सगळं नोंदलेलं होतं. सुरुवातीच्या आभारांत सर होते, कॉलेज होतं. भोई नव्हता.

"कापड कुनाचं, त्ये?"

"ते नाही लिहिलं, आई." मी घाईनं पुढं म्हणालो, "चुकलंच माझं. लिहायला हवं होतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा होता.

"न्हाई," ती म्हणाली. "बरं केलंस. माजं नाव नगं त्यात."

एवढ्या दिवसांत माझी तिनं हीच एक गोष्ट बरी म्हटली.

मग ती उठली. पाणी गाळायची वेळ झाली होती. घागरीवर दोन पदरी गाळणं बांधून तिनं पाणी गाळलं, गाळणं उलटं केलं, वरून गाळलेलं पाणी ओतून ते गडूत धरलं. मी सवयीनं पुढं झालो आणि गडूसाठी दोन्ही हात पुढं केले. लहानपणापासून घरी आलो की हे काम माझंच असायचं, साताऱ्याच्या सुट्ट्यांतसुद्धा.

तिनं गडू बाजूला घेतला. झटका देऊन नाही, आतलं सांडणार नाही अशा बेतानं.

"ऱ्हाऊ दे. तू बस," ती म्हणाली.

ती विहिरीकडं निघाली, मी मागोमाग गेलो. चष्म्यातून तिला जवळच्या पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. एक हात भिंतीला लावून, पायानं चाचपत ती एकेक पायरी उतरत होती. दोनदा माझ्या तोंडात शब्द आला, आई, दे मी सोडतो, पण मी काठावर उभा राहिलो. खाली पोचल्यावर ती वाकली, गडू पाण्याला टेकवला आणि हळूच कलता केला.